लोककथा कोणत्या कपाटात असते?

लोककथा हा विषय प्रबंधासाठी घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "सर, यावर पुस्तके कोठे मिळतील?" आम्ही त्यास ग्रंथालयाचा रस्ता दाखवितो. तासाभराने तो परत येतो आणि ओशाळल्या चेहऱ्याने सांगतो, की तेथे फारसे काही नाही. सोलापुरात अध्यापन करीत असता हे उत्तर आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याचा थोडा विचार करावा असे आम्हांस वाटू लागले. कारण विद्यार्थी खोटे बोलत नसतो आणि ग्रंथालयही रिकामे नसते. मग ही चुकामूक होते कोठे?

ड्यूई यांच्या दशांश पद्धतीत लोकसाहित्यास ३९८ हा अंक दिलेला आहे, आणि त्यातील कथांस ३९८.२ हा. विद्यार्थी तो अंक शोधीत जातो. तेथे त्यास दुर्गाबाई भागवतांची 'लोकसाहित्याची रूपरेखा' मिळते, सरोजिनी बाबर यांनी शासनाच्या लोकसाहित्य समितीसाठी संपादिलेले काही खंड मिळतात, आणि उरलेल्या जागेत परीक्षेस उपयोगी पडणारी मार्गदर्शके दाटीवाटीने उभी असतात. तेवढे पाहून तो परततो. परंतु त्याच दालनात श्रावणातल्या कहाण्या आहेत. त्या धर्माच्या कपाटात आहेत. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली प्रसिद्ध केलेला पोवाड्यांचा संग्रह आहे. तो कोठे काव्यात, तर कोठे इतिहासात ठेवलेला आढळतो. महिपतीचा 'भक्तिविजय' आहे, आणि त्यात आमच्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आहे. तो संतवाङ्मयात आहे. त्रिंबक नारायण अत्रे यांचा 'गाव-गाडा' समाजशास्त्रात आहे. १८८४ चे सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियर संदर्भ विभागात, कुलपाच्या आड आहे. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन' काव्याच्या कपाटात गुरुजींच्या नावाखाली आहे. त्यातील ओव्या ज्या असंख्य बायकांच्या तोंडच्या, त्यांची नावे तालिकेस ठाऊक नाहीत. तात्पर्य, लोककथा ग्रंथालयात भरपूर आहे. मात्र ती स्वतःच्या नावाने तेथे राहत नाही.

यात ग्रंथपालाचा दोष आहे असे कोणी समजू नये. एक पुस्तक एकाच जागी उभे राहू शकते, आणि ती जागा ठरविताना काही प्रश्न विचारावेच लागतात : कर्ता कोण, नाव काय, विषय कोणता, भाषा कोणती? छापील ग्रंथ या प्रश्नांची उत्तरे मुकाट्याने देतो. लोककथेची मात्र चारही प्रश्नांपुढे तारांबळ उडते. तिला कर्ता नाही, नाव सांगणाऱ्यागणिक बदलते, विषय म्हणाल तर देवधर्मापासून सासुरवासापर्यंत सर्वच, आणि भाषा? तिचा प्रश्न आमच्या गावात तर फारच बिकट होऊन बसतो.

सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा एकाच बाजारात, पुष्कळदा एकाच वाड्यात नांदतात. ग्रंथालयात तसे चालत नाही. ड्यूई यांच्या पद्धतीत मराठी साहित्याचा अंक ८९१.४६, तर कानडी व तेलुगू यांचा संसार ८९४.८ च्या पुढे. श्रीसिद्धेश्वराचेच उदाहरण घ्या. सिद्धराम हे बाराव्या शतकातले शिवशरण. त्यांची वचने कानडीत आहेत, आणि राघवांक कवीने त्यांच्या चरित्रावर रचलेले काव्यही कानडीत आहे. कुंभाराच्या मुलीने त्यांच्याशीच विवाह करण्याचा हट्ट धरला आणि त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचे लग्न लावून दिले, ही कथा मात्र येथील मराठी मुलासही पाठ असते. दरवर्षी संक्रांतीच्या दिवसांत सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. त्या वेळी अक्षता टाकणारे हात कोणत्या भाषेचे आहेत हे कोणी विचारीत नाही. ही एक कथा ग्रंथालयात धुंडाळावयाची झाली तर विद्यार्थ्यास कानडी काव्याकडे, मराठीतल्या यात्रेच्या पुस्तिकेकडे आणि इंग्रजी गॅझेटियरकडे असे तीन दिशांस जावे लागेल. रस्त्यावर जी कथा अखंड आहे, तिचे ग्रंथालयात तीन तुकडे होतात.

हे सर्व आमच्या नीट ध्यानात आले ते एका विद्यार्थिनीमुळे. काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात शहराच्या पूर्व भागातील एक मुलगी होती. घर विणकऱ्याचे, पद्मशाली समाजाचे. घरातली बोली तेलुगू, शिक्षण सारे मराठीतून. तिची आजी विड्या वळीत असे. मांडीवर सूप घेऊन, पाने कापून, तंबाखू भरून, धागा गुंडाळता गुंडाळता आजीने तिला लहानपणी ज्या गोष्टी सांगितल्या, त्यांपैकी एकीवर तिला लघुप्रबंध लिहावयाचा होता. गोष्ट होती बालनागम्माची. आजीच्या सांगण्याप्रमाणे ती सात बहिणींतली धाकटी राजकन्या. एक मायावी मांत्रिक तिला पळवून नेतो आणि तिच्या पतीसह सगळ्यांचे दगड करून टाकतो. तिचा तान्हा मुलगा मोठा होतो, आईच्या शोधास निघतो, माळिणीच्या घरी राहून आईस निरोप पाठवितो. ती मांत्रिकास गोड बोलून त्याचे मरण कशात आहे ते काढून घेते : त्याचा प्राण दूर देशी, एका पोपटात आहे. मुलगा तो पोपट मिळवितो. पुढचे वाचकांस सांगावयास नको ; असा पोपट महाराष्ट्रातल्या आजीबाईंच्याही चांगला ओळखीचा आहे.

विषयाची टिपणे वरिष्ठांपुढे गेली तेव्हा दोन आक्षेप निघाले. एक, कथा तेलुगू आहे, तेव्हा मराठीच्या प्रबंधात तिचे काय काम? दुसरा, संदर्भग्रंथांची यादी कोरी आहे. ज्या विषयावर ग्रंथ नाहीत त्यावर संशोधन कसे व्हावे? मुलगी हिरमुसली. घरी आजीस तिने हे सांगितले, तेव्हा आजीला मुळीच आश्चर्य वाटले नाही म्हणे. विड्या वळताना सांगावयाची बायकांची गोष्ट कॉलेजात कोण विचारणार, असे तिचे म्हणणे पडले. त्या दोन आक्षेपांपेक्षा आजीचा हा निर्विकारपणाच आम्हांस अधिक लागला. पन्नास वर्षे एक बाई एक कथा जतन करून ठेवते, आणि तिचा काही उपयोग असेल अशी तिची स्वतःचीही कल्पना नसते, ही काही विद्येच्या घराला भूषण वाटावे अशी गोष्ट नव्हे.

विषय बदलण्यापूर्वी एक महिना शोध करून पाहावा, असे आम्ही त्या मुलीस सुचविले, आणि शोधाची एक युक्ती सांगितली. ती अशी, की तालिकेत नाव शोधू नये, घटना शोधावी. 'बालनागम्मा' या नावाने मराठी ग्रंथालयात काही मिळणार नाही हे उघडच आहे. परंतु 'ज्याचा प्राण शरीराबाहेर दुसऱ्याच वस्तूत आहे असा राक्षस' ही घटना जगभर हिंडलेली आहे, आणि अशा घटनांच्या याद्या विद्वानांनी करून ठेवल्या आहेत. फिनलंडच्या आंटी आर्ने यांनी १९१० साली कथांचे प्रकार पाडून त्यांस क्रमांक दिले. अमेरिकेतील स्टिथ टॉम्प्सन यांनी १९२८ व १९६१ साली ती सूची वाढविली. आणि २००४ साली हान्स-यॉर्ग उथर यांनी ती नव्याने सिद्ध केली. टॉम्प्सन यांनीच वॉरन रॉबर्ट्स यांच्या साहाय्याने १९६० साली हिंदुस्थानातील मौखिक कथांची वेगळी सूची प्रसिद्ध केली आहे. हे ग्रंथ आमच्या महाविद्यालयात नाहीत. मोठ्या विद्यापीठात ते मिळू शकतात, आणि स्नेह्यांकडून हव्या त्या पानांची प्रत मागविता येते. पोपटातल्या प्राणाचा क्रमांक निघाला ३०२.

हा क्रमांक हाती आला, आणि बंद कपाटे एकामागून एक उघडू लागली. त्याने आम्हांस प्रथम नेले मेरी फ्रियर यांच्या 'ओल्ड डेक्कन डेज' या १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाकडे. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांची ही कन्या. १८६५-६६ च्या हिवाळ्यात ती पित्याबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर असता, तिच्या ॲना लिबेराता डिसूझा नावाच्या आयेने तिला गोष्टी सांगितल्या, त्यांचा हा संग्रह. ग्रंथाची छायाप्रत आज संगणकावर कोणासही फुकट पाहावयास मिळते. त्यातील पहिलीच कथा 'पंचकिन' नावाच्या मांत्रिकाची आहे. राजाच्या सात मुली. धाकटीस मांत्रिक पळवितो. तिचा पती व इतर मंडळी दगड होऊन पडतात. मुलगा माळिणीच्या आश्रयाने आईस भेटतो. आणि मांत्रिकाचा प्राण एका लहानशा हिरव्या पोपटात असतो. इतके वाचून होईतो मुलीचा चेहरा खुलला होता. परंतु त्या धाकट्या राजकन्येचे नाव वाचले तेव्हा ती खुर्चीवरून उठलीच. ते नाव होते 'बालना'.

केवळ नामसाम्यावरून उड्या मारू नयेत, असे आम्ही तिला बजाविले, आणि आजही आमचे मत तेच आहे. बालना आणि बालनागम्मा यांचे नाते काय, कथा कोणी कोणाकडून घेतली, हे दोन कथनांवरून ठरत नाही. दोन्हींत सात बहिणी आहेत, दगड झालेली माणसे आहेत, माळीण आहे, पोपट आहे आणि नावाचे पहिले अक्षरसमूह एक आहेत, इतके लिहावे आणि थांबावे. संशोधनात थांबता येणे हेही शिक्षणच आहे.

पुढचा धागा आमच्याच ग्रंथालयात निघाला. जेम्स फ्रेझर यांच्या 'द गोल्डन बाऊ' या ग्रंथाची १९२२ ची संक्षिप्त आवृत्ती धर्मशास्त्राच्या कपाटात कित्येक वर्षे स्वस्थ बसून होती. त्यात शरीराबाहेर ठेवलेल्या प्राणाविषयी स्वतंत्र विवेचन आहे, आणि तेथे पंचकिन हजर आहे. रशियन कथांतला कोश्चेई, ज्याचे मरण अंड्यात लपविलेले असते, तोही त्याच पंक्तीस बसलेला आहे. पूर्व भागातल्या एका खोलीत सुपावर वळल्या गेलेल्या विड्यांच्या संगतीने वाढलेली कथा रशियातल्या कथेची भावंड निघावी, हे पाहून आम्हांसही मौज वाटली.

मराठीच्या प्रबंधात तेलुगू कथा कशी, या आक्षेपाचे उत्तर मात्र ग्रंथालयाने दिले नाही. ते चित्रपटाने दिले. १९४२ साली मद्रासच्या जेमिनी स्टुडिओने 'बालनागम्मा' नावाचा तेलुगू चित्रपट काढला होता. त्यातील दुष्ट मांत्रिकाचे नाव 'मायल मराठी', म्हणजे मायावी मराठा! पुढच्या बैठकीत कथेचा मराठीशी संबंध काय, असा प्रश्न पुन्हा आला, तेव्हा ती मुलगी नम्रपणे म्हणाली, "सर, यातला राक्षसच मराठी आहे." बैठकीत हशा पिकला आणि विषय मंजूर झाला. विनोदाचा भाग सोडला तरी त्यात विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. शेजारी आपल्याविषयी कोणत्या गोष्टी सांगतात हे जाणणे हा आपल्या साहित्याच्या अभ्यासाचाच एक भाग नव्हे काय? आपल्या कथांत परक्याचा राक्षस होतो. परक्याच्या कथेत आपला होतो. हे कळण्यास लोककथेइतके स्वस्त साधन दुसरे नाही.

येथपर्यंत सारे सुरळीत झाले. परंतु यादी भरू लागली तसा त्या मुलीच्या मनात एक वेगळाच प्रश्न उभा राहिला, आणि आमच्या मते तिच्या प्रबंधातला तोच सर्वांत मोलाचा भाग आहे. तिने पाहिले, की 'ओल्ड डेक्कन डेज'च्या मुखपृष्ठावर संग्राहिकेचे नाव आहे, प्रस्तावना लिहिणाऱ्या पित्याचे नाव आहे. गोष्टी सांगणाऱ्या ॲनाचे नाव नाही. ॲना आत आहे. तिची स्वतःची हकीकत फ्रियरबाईंनी आरंभी दिली आहे, हा त्यांचा मोठेपणा होय. तीत ॲना आपल्या लिंगायत पूर्वजांविषयी आणि गोष्टी सांगणाऱ्या आजीविषयी बोलते. पण तालिका मुखपृष्ठ वाचते, हकीकत वाचीत नाही. म्हणून ॲनाच्या नावाने शोधणाऱ्यास हे पुस्तक सहसा सापडत नाही.

तेथून ती प्रत्येक संग्रहास हाच प्रश्न विचारू लागली : सांगणारा कोण? नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची टिपणे मागविली होती. १९०९ साली त्यांचा वध झाला, आणि पुढे एन्थोवेन यांनी कोकण व गुजरात यांविषयीची ती टिपणे छापली. तळटीपांत अमुक गावचे शाळामास्तर असा आधार दिलेला असतो. मास्तरांस ज्या म्हातारीने सांगितले तिचा पत्ता नाही. किंकेड यांनी १९१४ साली आपल्या कहाण्या इंग्रजीत नेल्या. त्या कोणाच्या तोंडून ऐकल्या जात होत्या ते पुस्तकाच्या कार्डावर येण्याचे कारणच नव्हते. जर्मनीत ग्रिम बंधूंना पुष्कळ कथा सांगणारी डोरोथिया फीमान ही कासेलजवळच्या एका शिंप्याची बायको. १८१९ च्या आवृत्तीत तिचे चित्र छापले गेले. तरी जग त्या कथांस ग्रिमच्या कथा म्हणूनच ओळखते.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच प्रांतात आहे. गी प्वातवां आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळावर त्या क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. तेथे ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि तिचे गाव दिलेले असते. नाव आणि गाव, इतकेच. परंतु तेवढ्याने ओवी अनाथ राहत नाही.

त्याच सुमारास आमच्या ग्रंथालयात जुनी पुस्तके बाद करण्याचे काम चालू होते. जागा अपुरी, नवी पुस्तके दारात, आणि जे वर्षानुवर्षे कोणी नेले नाही ते रद्दीत काढावे हा नियम. त्या ढिगात महाविद्यालयाची जुनी वार्षिके होती. विद्यार्थ्यांच्या कविता आणि क्रीडास्पर्धांची छायाचित्रे यांपलीकडे त्यांत काय असणार, असा सर्वांचा समज. ढीग चाळता चाळता एका अंकात गिरणीच्या चाळीतून गोळा केलेल्या चार लोककथा निघाल्या. लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव, वर्ग, हजेरीक्रमांक सर्व होते. कथांच्या खाली मात्र एवढेच होते : 'एका वृद्धेकडून ऐकलेली.' सोलापूरच्या त्या गिरण्या बंद पडल्या, चाळींचे रूप पालटले. ती वृद्धा कोण, कोणत्या गावाहून आली, कोणती भाषा बोलत होती, हे आता कोणी सांगू शकणार नाही. वार्षिके रद्दीतून वाचली, सर्व नव्हेत तरी बरीचशी. त्या चार कथाही वाचल्या. परंतु त्या कथांचे अर्धे अंग आधीच गेलेले होते, आणि ते कोणा रद्दीवाल्याने नेलेले नव्हते.

म्हणून लोककथेवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही आता प्रथम ग्रंथालयात पाठवीत नाही. प्रथम घरी पाठवितो. एक कथा ऐकून ये, सांगणाऱ्याच्या शब्दांत आणि भाषेत उतरवून घे. नाव, वय, गाव, व्यवसाय, कथा कोणाकडून ऐकली, हे त्याच्या संमतीने टिपून ठेव. आणि मग ती हातात घेऊन ग्रंथालयात जा, असे सांगतो. कथा हाती असली म्हणजे धर्म, इतिहास, काव्य, समाजशास्त्र ही सर्व कपाटे ओळख देऊ लागतात. गॅझेटियर उपयोगी पडते, कहाण्यांची पुस्तके उपयोगी पडतात, जुनी मासिके, महाविद्यालयांची वार्षिके, आणि 'शोधगंगे'वरचे इतर विद्यापीठांचे प्रबंधही. रिकाम्या हातांनी गेलेल्यास मात्र ३९८ या अंकापलीकडे काही दिसत नाही.

त्या मुलीचा प्रबंध पुरा झाला. मूळ कथा तिने तेलुगू बोलीत, देवनागरी लिपीत दिली आणि समोर मराठी अर्थ लिहिला. आजीने मध्येच कानडी शब्द वापरले तेथे ते तसेच ठेवले. प्रबंध ग्रंथालयात दाखल होताना आम्ही ग्रंथपालांस एक विनंती केली : कर्ती म्हणून विद्यार्थिनीचे नाव राहू द्यावे, परंतु कथा सांगणारीच्या नावानेही एक जादा नोंद करावी. त्यांनी थोडा विचार केला. अनुवादकाची, संपादकाची, चित्रकाराची अशी नोंद होते, मग कथा सांगणारीची का होऊ नये, असे तेच म्हणाले. पाच मिनिटांचे काम होते.

नातीने हे आजीस सांगितले, तेव्हा पुस्तकात आपले नाव आहे याचे आजीला फारसे काही वाटले नाही. मात्र कथेत एक चूक राहून गेली आहे, असे तिने वाचून घेतल्यावर सांगितले. पोपटाचा पिंजरा कोठे टांगला होता, ते नातीने बरोबर लिहिले नव्हते. ती दुरुस्ती हाताने, शाईने, ग्रंथालयाच्या प्रतीत केलेली आहे, आणि समासात आजीच्या नावाची आद्याक्षरे आहेत. पुढे कोणी या कथेवर काम करील, त्याने ती प्रत अवश्य पाहावी.